ब्लूमिंग्टनला पाठवलेले पत्र

कोल्हापूर,
रविवार, रात्री

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

गुरुवारी फोनवर मी बोललो ते तसे बोलायला नको होते. ‘तुला शिकायला पाठवले आहे, पाय मोडून घ्यायला नव्हे’ हे शब्द तोंडातून गेले, तू फोन ठेवलास, आणि तेव्हापासून हे पत्र मी मनात लिहितो आहे. लिगामेंट फाटल्याचे तू अकरा दिवस आमच्यापासून लपवलेस आणि तुझ्या आईला ते आक्काच्या मुलीकडून कळले, याचे दुःख अजून आहे. पण आज गुडघ्याविषयी लिहायचे नाही असे ठरवून बसलो आहे. त्याऐवजी तुझ्याच इंडियाना विद्यापीठाच्या फुटबॉल संघाविषयी लिहितो, म्हणजे तिथे अमेरिकेत ज्याला सॉकर म्हणतात त्या आपल्या फुटबॉलविषयी. तू गेल्यापासून रात्री जेवण झाले की मी इंडियानाच्या या संघाची माहिती शोधून वाचत बसतो, आणि ती सांगावी असा माणूस घरात आता उरलेला नाही.

हा संघ घडवणारे प्रशिक्षक जेरी येगली १९६३ साली ब्लूमिंग्टनला आले, तेव्हा तो सगळा मुलूख बास्केटबॉलचा होता. विद्यापीठाच्या अधिकृत खेळांत फुटबॉलला जागाच नव्हती. होता तो विद्यार्थ्यांचा एक क्लब. दोनच वर्षांपूर्वी, १९६१ मध्ये, वेस्ट चेस्टरच्या संघातून खेळाडू म्हणून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेला हा तरुण त्या क्लबच्या मुलांना शिकवत राहिला, आणि १९७३ मध्ये कुठे संघाला अधिकृत दर्जा मिळाला. मधली दहा वर्षे गेली. दहा वर्षे थांबणाऱ्या त्या माणसासमोर डॉक्टरांनी तुला सांगितलेले नऊ महिने ते काय, असे मी आता लिहिणार होतो. पाहा, ठरवूनही मी तिथेच येऊन पोचलो. क्षमा कर.

दर्जा मिळाल्यावर तीनच वर्षांत, १९७६ मध्ये, संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोचला आणि सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाकडून एका गोलने हरला. १९७८ मध्ये पुन्हा अंतिम सामना, पुन्हा तोच प्रतिस्पर्धी, पुन्हा हार. १९८० मध्ये तिसऱ्यांदा तेच झाले, आणि या वेळी तर सामना जादा वेळेपर्यंत खेचून ४-३ असा गमावला. आपल्या पेठेत एखादा संघ पाच वर्षांत तीन अंतिम सामने एकाच संघाकडून हरला असता तर गल्लीत काय वातावरण झाले असते, हे तू जाणतोस. त्याच सुमारास त्या संघात होंडुरासहून आलेला आर्मांडो बेतांकूर नावाचा खेळाडू होता. १९८१ चा हर्मन करंडक, म्हणजे विद्यापीठ फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूचा मान, त्याने मिळवला आणि पुढच्याच वर्षी तो आपल्या देशाकडून स्पेनमधील विश्वचषक खेळला. इतक्या दूरच्या देशातून आलेल्या त्या मुलाच्या आईवडिलांना त्याच्या दुखापती कशा कळत असतील, हा विचार वाचता वाचता माझ्या मनात आला. तेव्हा तर पत्राखेरीज दुसरे साधनही फारसे नव्हते.

मग आला १९८२ चा डिसेंबर. फोर्ट लॉडरडेलच्या मैदानावर ड्यूक विद्यापीठाशी अंतिम सामना होता. नव्वद मिनिटांत निकाल लागला नाही, म्हणून जादा वेळ दिला. त्यातही लागला नाही, म्हणून पुन्हा दिला, आणि असे करत करत जादा वेळेची आठ सत्रे झाली. सामना दीडशे मिनिटांच्याही पुढे गेला आणि अखेर ग्रेग थॉम्पसन या बचावपटूने गोल केला. संघाचा पहिला गोलही त्याचाच होता. इंडियाना २-१ ने जिंकले आणि विद्यापीठाला पहिले विजेतेपद मिळाले. शाहू स्टेडियमवर टायब्रेकरला गेलेल्या सामन्यात शेवटी शेवटी पायांत गोळे येऊन पोरे कशी खाली बसतात, ते मी पाहिले आहे आणि स्वतः भोगलेही आहे. अडीच तासांहून अधिक धावून झाल्यावर बचावात खेळणारा माणूस पुढे येऊन गोल करतो, ही गोष्ट मी तुझ्या आईला वाचून दाखवली, तेव्हा तिने एवढेच विचारले, ‘त्याचे गुडघे धड राहिले का पुढे?’ ते मला सांगता आले नाही. पुढच्या वर्षी कोलंबिया विद्यापीठाला हरवून त्यांनी विजेतेपद राखले, एवढे मात्र सांगितले.

‘बाबा, तुम्हीही दुखऱ्या पायाने खेळलाच होता की’ असे तू म्हणालास. ते खरे आहे, आणि त्याचा अभिमान वाटावा अशा रीतीने तुझ्या लहानपणी ती गोष्ट मीच तुला अनेकदा सांगितली आहे. उरलेला भाग मात्र कधी सांगितला नाही. साखळीतल्या सामन्यात माझा गुडघा फिरला, तेव्हा मी तुझ्या आजोबांना, नानांना, काही कळू दिले नाही. आजीने आंबेहळदीचा लेप लावला, वर मी क्रेप बँडेज गुंडाळले आणि तिसऱ्या आठवड्यात उपांत्य सामना खेळलो. आम्ही जिंकलो, मला खांद्यावर घेऊन मिरवले, आणि त्यानंतर मी एकही हंगाम पूर्ण खेळू शकलो नाही. घरच्या पूजेला मी मांडी न घालता स्टुलावर का बसतो, हे तू एकदाही विचारले नाहीस; तुझ्या जन्मापासून तू मला तसाच पाहत आला आहेस. नानांना खरे कळले, तेव्हा ते रागावले नाहीत. ‘मला सांगितले असतेस तर मी तुझ्याबरोबर बसलो असतो’ एवढेच म्हणाले. हे शब्द आज लिहिताना माझा हात थांबला.

येगलींचा मुलगा टॉड १९९१ ते १९९४ अशी चार वर्षे वडिलांच्याच हाताखाली खेळला. शेवटच्या वर्षी त्याला हर्मन करंडक मिळाला, पण अंतिम सामना व्हर्जिनियाने १-० ने जिंकला. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या त्या प्रशिक्षकाला त्या क्षणी संघ हरल्याचे अधिक लागले असेल की मुलगा हरल्याचे, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. १९८८, १९९८ आणि १९९९ ही विजेतेपदे त्यांचीच. २००३ मध्ये निवृत्तीच्या हंगामात कोलंबसला सेंट जॉन्सचा २-१ असा पराभव करून सहावे विजेतेपद घेऊनच ते बाहेर पडले, तेव्हा त्यांच्या नावावर ५४४ विजय होते. पुढच्या वर्षी माइक फ्रायटॅग यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने सांता बार्बराला टायब्रेकरवर हरवले. २०१० पासून संघ टॉडकडे आला आणि २०१२ मध्ये जॉर्जटाउनवर १-० अशी मात करून त्याने आठवे विजेतेपद आणले. ज्या मैदानावर तू पहिल्याच आठवड्यात सामना पाहायला गेलास, त्याला त्याच्या वडिलांचे नाव आहे, हे तुला ठाऊक असेलच. तू तिथून पाठवलेला फोटो मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवला. आपल्या पेठेतला मुलगा तिथे बसला आहे, याचा मला किती अभिमान वाटला, हे तेव्हा सांगायचे राहून गेले.

त्यानंतर मात्र अंतिम सामन्यांनी त्यांना पुन्हा छळले. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड, महामारीमुळे २०२१ च्या मे महिन्यात झालेल्या सामन्यात मार्शल, दोन्ही वेळा जादा वेळेत एका गोलने, आणि २०२२ मध्ये सिराक्यूजकडून टायब्रेकरवर. तरीही पुढच्या ऑगस्टमध्ये संघ पुन्हा मैदानावर उतरतोच. मी तुला खेळू नकोस असे म्हणत नाही. तसे म्हणायला मी कोल्हापूरचा नसायला हवे होते. फिजिओथेरपी पुरी होईपर्यंत चेंडूला पाय लावू नकोस, इतकेच म्हणतो. पुन्हा गुडघ्यावरच आलो, पण आता खोडत नाही.

शस्त्रक्रियेची तारीख ठरली की आधी आम्हाला कळव. एमआरआयचा अहवाल पाठव, मामा तो इथल्या डॉक्टरांना दाखवणार आहे. तुझ्या आईने पासपोर्टचे कागद काढून ठेवले आहेत, तिला येऊ दे. तुझ्याकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आमच्याकडे संध्याकाळचे साडेसहा होतात, आणि त्या वेळी मी दुकानातून घरी आलेला असतो.

तुझा,
बाबा