गाडीत राहणाऱ्या पोरास

सोलापूर,
दिवाळीआधीचा रविवार

चि. पिंट्यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुला शेंगाचटणीच्या डब्याखाली सापडेल. पार्सल तुझ्या आईनं भरलं, चिकटपट्टी मी मारली, आणि मारायच्या आधी हे आत सरकवलं. तिला यातलं काही माहीत नाही. फोनवर तूही काही बोलू नकोस, हे आधीच सांगून ठेवतो.

गेल्या महिन्यात तू व्हिडिओ कॉल केलास तेव्हा म्हणालास, ‘रूमवरच आहे अण्णा.’ तुझ्या कानामागं सीटबेल्टची कडी लोंबत होती. तेवढ्यावरनं मी काही धरलं नसतं, गाडीत बसून फोन कुणीही करतं. पण मागच्या काचेला आतनं दव धरलं होतं आणि त्यात बोटानं पुसलेली एक रेघ होती. 26 वर्षं मी ट्रकच्या केबिनमध्ये झोपलोय. काचेला आतनं तसलं पाणी सुटतं ते रात्रभराच्या श्वासानं, पाच मिनिटं बसून सुटत नाही. तुझी आई तेवढ्यात म्हणाली, ‘खोली अंधारी आहे का रे त्याची?’ मी म्हटलं, असेल, तिकडं अमेरिकेत सकाळ आहे.

नंतर तू मला एकट्याला खरं सांगितलंस ते बरं केलंस. खोलीचं भाडं वाचवायचं, कर्जाचा हप्ता सुरू व्हायच्या आत थोडे बाजूला टाकायचे, कॉलेजातल्या कामाला आठवड्याला 20 तासांच्या वर परवानगी नाही, हे सगळं मला समजतं. कमी पडतात म्हणून बाहेर कुठं पंपावर चोरून काम करू नकोस. व्हिसा गेला तर शिक्षणही गेलं आणि कर्ज तेवढं गळ्यात राहील. बाकी गाडीत राहण्याबद्दल मी काय बोलणार? तुझी शाळा, तुझं इंजिनिअरिंग, सगळं गाडीत राहूनच झालंय, फक्त राहणारा मी होतो.

मला लागलं ते वेगळंच. तुझ्या डॅशबोर्डवर चिप्सच्या रिकाम्या पुड्या होत्या आणि तू म्हणालास, रात्री नूडल्स कोरडेच खाल्ले. म्हणजे काय बे? जोंधळ्याच्या मुलखातला पोरगा तू.

आम्ही सोलापूरहून चादरी-टॉवेल नाहीतर कांदा भरून हैदराबाद, पुढं विजयवाड्यापर्यंत जायचो. मालक रोजचा भत्ता द्यायचा. ढाब्यावर दोन वेळा बसलं की तो संपायचा आणि वर चहा-विडीला खिशातले जायचे. मी आणि क्लिनर साईडच्या पेटीत रॉकेलचा पंपस्टोव्ह, एक पातेलं, मसूर, तांदूळ, कांदे आणि तिखट-मिठाचा डबा ठेवायचो. सावली बघून गाडी उभी करायची, फाळक्याच्या आडोशाला स्टोव्ह पेटवायचा. पण तासभर थांबून वरण शिजवत बसलो तर पोचायला उशीर, आणि उशिराचे पैसे कापायचे. मग एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं आम्हाला चादरीची युक्ती शिकवली.

मसूर रात्रभर भिजत घालायची. सकाळी पाण्याला खळखळून उकळी आली की दहा मिनिटं तसंच उकळू द्यायचं, घट्ट झाकण लावायचं आणि पातेलं झाकणासकट चादरीत गुंडाळायचं. एक घडी खाली, दोन वर, टोकं आत खोचून. वर गोणपाट. आणि सीटमागच्या कोपऱ्यात हलणार नाही असं बसवून टाकायचं. सोलापुरातनं निघालो की नळदुर्ग मागं पडून उमरग्यापाशी उघडायचो, तर वरण मऊ झालेलं आणि वाफ तोंडावर यायची. सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचा शिक्का, मिळाला तो तिच्या विणीसाठी असेल, आमच्यासाठी ती दुसरी शेगडी होती. तुझ्याकडं ती निळी चादर आहे. पांघरायला दुसरं काहीतरी घे आणि ती या कामाला लाव. कॉलेजात मायक्रोवेव्ह आहे म्हणालास, गरम पाण्याचा नळही आहे. मसूर तिथं उकळून घे आणि डबा गुंडाळून गाडीत ठेव. क्लास सुटेपर्यंत झालेली असेल. मोठ्या तोंडाचा थर्मास जुन्या सामानाच्या दुकानात मिळाला तर आणखी सोपं.

मसूरच घे, लाल डाळ घेतलीस तर भिजवायचीही गरज नाही. तिकडच्या एका पौंडात साडेचारशे ग्रॅम येतात, त्यात तुझं चार-पाच वेळचं भागतं. राजमा मात्र या पद्धतीनं कधी करू नकोस. स्वस्त असतो, अमेरिकेत सगळीकडे मिळतो, मोह होईल. पण राजम्यात एक विष असतं ते नीट खळखळ उकळल्याशिवाय मरत नाही, नुसत्या गरम पाण्यात ठेवलेला राजमा कच्च्यापेक्षा वाईट ठरू शकतो. खायचाच तर दुकानातला डबाबंद, शिजवलेला घे.

भाताचंही तसंच. सकाळचा भात गाडीत ठेवून रात्री खायचा नाही. हे मला झहीराबादजवळ एकदा चांगलं कळलंय. उन्हाळा होता, केबिनमधला भात वासाला बराच होता, म्हणून मी आणि क्लिनरनं खाल्ला. पुढचे चार तास आम्ही दोघं आळीपाळीनं रस्त्याच्या कडेला. मी क्लिनरला शिव्या घालत होतो आणि तो मला. तेव्हा वाटलं कांदा बाधला. आत्याची पोरगी नर्सिंग करते, तिनं आता सांगितलं की कोमट भातात जंतू वाढून जे विष तयार होतं ते पुन्हा गरम करूनही जात नाही. शिजलेलं अन्न 4 अंशांच्या खाली गार नाहीतर 60 च्या वर गरम पाहिजे, मधल्या मधे ठेवायचं तर दोन तास, आणि कडक उन्हाळ्यात एकच. म्हणून लागेल तेवढंच कर आणि संपव.

अंड्यांचं तीच म्हणाली. आपल्याकडं किराणा दुकानात अंडी नुसती टोपलीत ठेवलेली असतात, पण अमेरिकेत ती धुऊन विकतात, त्यामुळं ती फ्रीजशिवाय टिकत नाहीत. बर्फाची पेटी नसेल तर एकावेळी डझन घेऊ नकोस. केळी, गाजर, कोबी, कांदा ही गाडीत राहणाऱ्याची भाजी. पीनट बटर म्हणजे आपलं शेंगाकूटच, तेल सुटलेलं. ते पोळीसारखं काही मिळतं त्यावर लावून खा. ओट्स स्वस्त आहेत म्हणालास. दुधाशिवाय मीठ-तिखट घालून खाल्लेस तर उप्पीटासारखे लागतील, गोड करून कंटाळशील.

आणि दडपे पोहे. याला आग नको, काही नको. पातळ पोहे, बारीक कांदा, लिंबू, मीठ, चटणी, वर पाण्याचा हबका, आणि दहा मिनिटं दडपून ठेवायचं. हे मी आईला सविस्तर विचारलं तर ती माझ्याकडं बघतच राहिली. ‘तुम्हाला या वयात कशाला पाहिजे स्वयंपाक?’ म्हटलं, टीव्हीवर बघितलं. तिचा विश्वास बसलेला नाही. पार्सलमध्ये पोह्यांचे दोन किलो तिनं माझ्या नादानंच घातलेत.

कडक भाकरी साठ घातल्यात, तीसतीसच्या दोन चळती. पार्सल उघडलं की आधी हवाबंद डब्यात भर. दमट झाली तर तिला काही अर्थ नाही, कोरडी राहिली तर दोन महिने बघायला नको. गरम वरणात कुस्करून खायची. चटणीचा डबा उन्हात, काचेखाली ठेवू नकोस, शेंगदाण्याला खवट वास येतो.

आता एक बोलतो त्याचा राग मानू नकोस. तुझ्या कॉलेजात गरजू विद्यार्थ्यांना फुकट धान्य-डबे देण्याची खोली आहे, फूड पँट्री का काय, आणि तू तिथं गेला नाहीस, कारण ‘आपलीच पोरं बघतात’. मी अक्कलकोटला स्वामींच्या अन्नछत्रात किती वेळा जेवलोय माहीत आहे? नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये तर गाडी खाली झाली की आम्ही ठरवूनच जायचो. शेजारी कोण बसलंय, किती पगाराचं, कुणी विचारत नाही. एकदा आपल्याच मालकाचा भाऊ माझ्या समोरच्या पंगतीत होता. तो मान खाली घालून जेवला, मीही. तू पँट्रीत जा, दोन डबे मसूर आण, आणि पुढं नोकरी लागली की तिथंच दहा डबे नेऊन ठेव, कुणाला सांगू नकोस.

थंडीचं सांगतो, हे सगळ्यांत नीट वाच. एका जानेवारीत आम्ही एका घाटाखाली मुक्कामाला होतो. क्लिनर पोरगा तुझ्यापेक्षा लहान, कुडकुडत होता. त्यानं भुसाऱ्याकडनं कोळशाची शेगडी आणली आणि केबिनमध्ये ठेवली, काचा वर केल्या. मला उबेनं डोळा लागला. जाग आली ती डोकं फुटल्यासारखं दुखून. दार उघडायला हात उचलेना. मी कसा कोण जाणे खांद्यानं हँडल दाबलं आणि दारासकट खाली पडलो. पोराला पाय धरून ओढला. अर्ध्या तासानं तो ओकला तेव्हा मला रडू आलं. धूर नव्हता, वास नव्हता, काही नव्हतं. आईला हे आजतागायत सांगितलेलं नाही. तेव्हा गाडीत स्टोव्ह पेटवायचा नाही, काच खाली करूनसुद्धा नाही. हीटरसाठी इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही. तिकडं बर्फ पडतो, मागचा सायलेन्सर बर्फात गाडला गेला तर तोच विषारी वायू आत येतो. थंडी फार झाली तर मित्राच्या दारात जा आणि सरळ सांग. डिसेंबर-जानेवारीपुरती कुणाबरोबर जागा वाटून घे, त्याचे पैसे मी पाठवतो. हे विचारत नाही, सांगतोय. आणि गाडी लावशील तिथं तोंड रस्त्याकडं करून लाव.

एवढं सगळं मी फोनवरही बोललो असतो. पत्र लिहायला बसलो ते तुझ्या परवाच्या एका वाक्यावरनं. तू म्हणालास, ‘अण्णा, इकडं कॅन्ससमध्ये रस्त्याच्या दोन्ही अंगाला जोंधळ्यासारखं पीक आहे, पण कमरेएवढंच बुटकं, आणि कणसं विटकरी लाल. इथले लोक त्याला मायलो म्हणतात.’

मी फोन ठेवला आणि ओट्यावर जाऊन बसलो.

1972 ला मी पाच वर्षांचा होतो. आपलं गाव मंगळवेढ्याकडचं, काळं रान, ज्वारीचं कोठार म्हणतात तो भाग. त्या साली रानात कडबासुद्धा झाला नाही. तात्या आणि तुझी आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. तिथं आम्हा पोरांना सुकडी मिळायची, ती गोड असायची म्हणून मला दुष्काळ काही वाईट वाटला नाही. पण रेशनला धान्य यायचं ते अमेरिकेचं, तांबडा जोंधळा. मिलो. सगळा गाव मिलो म्हणायचा. पिठाला चिकटपणा नाही, भाकरी थापताना कडेनं चिरायची, तव्यावर टाकली की काळपट तांबडी व्हायची. लोक म्हणायचे, तिकडं हे ढोरांना घालतात. आजी भाकरी थापताना तोंडातल्या तोंडात पुटपुटायची. शिव्या होत्या का देवाचं नाव, ते मला कधी कळलं नाही. पण रोज थापायची, आणि आम्ही सगळी भावंडं जगलो.

मी नेटवर बघितलं, अमेरिकेत सगळ्यात जास्त जोंधळा तुझ्या कॅन्ससमध्येच पिकतो. अजूनही बराचसा ढोरांना आणि इथेनॉलला जातो. म्हणजे ज्या रानातलं धान्य बोटीतनं आपल्या गावापर्यंत आलं, तसल्याच रानाच्या कडेला तू गाडी लावून झोपतोस. आजी असती तर तिला मी काय सांगितलं असतं, सुचत नाही.

शेतातलं कणीस मोडून खाऊ नकोस, काय फवारलंय कोण जाणे, आणि परक्याच्या रानात पाय टाकायचा नाही. पण रस्त्यावर उभं राहून एका कणसाचा फोटो काढ. जवळनं काढ, दाणे दिसतील असा. मला बघायचंय ते तेवढंच तांबडं आहे का.

तुझे,
अण्णा

ता. क. – टायरमधली हवा थंडीत कमी होते, बघत जा.