सूचना : अहवालाच्या एपीआयला तारीख पाठवताना

सर्व सभासदांसाठी,

येत्या सोमवारी सकाळी ११ पासून चाचणी सर्व्हरवर अहवालाचा एपीआय (स्क्रिप्टने अहवाल मागवायची सोय) फक्त आयएसओ ८६०१ पद्धतीची, म्हणजे तारीख-वेळेच्या आंतरराष्ट्रीय मानकातली तारीख घेईल. बाकी सगळ्याला ४०० एरर (‘विनंती चुकीची’). ज्यांच्या स्क्रिप्ट रात्री आपोआप चालतात, त्यांनी शनिवारपर्यंत बदल करून घ्यावेत.

०३/०४/२०२५ असे पाठवू नका. ३ एप्रिल की ४ मार्च, सर्व्हरला कळायला मार्ग नाही. आधी वर्ष, मग महिना, दिवस, वेळ आणि शेवटी +०५:३०, म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेपासूनचा भारताचा फरक.

खरी गोम त्या + मध्येच आहे. क्वेरीतल्या (यूआरएलमध्ये ? नंतरच्या भागातल्या) + ला बहुतेक सर्व्हर मोकळी जागा समजतात. लॉगमध्ये ‘१०:००:०० ०५:३०’ असे मधे अंतर दिसले, की + गळला म्हणून समजा. त्याच्या जागी %२बी हे त्याचे सांकेतिक रूप जायला हवे; या रूपांतरालाच एनकोडिंग म्हणतात.

- जावास्क्रिप्ट : एनकोडयूआरआयकॉम्पोनंट हे फंक्शन वापरा, तेही फक्त व्हॅल्यूवर. नुसते एनकोडयूआरआय + ला हात लावत नाही.
- पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी : तारीख पॅराम्समधून दिली की एनकोडिंग आपोआप होते. आधी स्वतःही केलेत तर % चेही एनकोडिंग होऊन %२५२बी जाते आणि पुन्हा ४००.

जावास्क्रिप्टचे टूआयएसओस्ट्रिंग वेळ यूटीसीत देते. भारतातली मध्यरात्र त्यात आदल्या दिवशीची १८:३० होते. क्षण तोच, पण पहिली दहा अक्षरे कापून तारीख काढलीत तर अहवाल एक दिवस मागचा येईल, आणि एररही दिसणार नाही.

अडल्यास ग्रुपवर पूर्ण यूआरएल टाका, टोकन (तुमची गुप्त प्रवेश-किल्ली) काढून. स्क्रीनशॉट नकोत, %२० (मोकळ्या जागेचे सांकेतिक रूप) आणि + त्यात नीट वाचता येत नाहीत.