गच्चीवरील सोलर : सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना नमस्कार,

सोलरबद्दल सोसायटीत दोन मतं ऐकू येतात: 'बिल शून्य होणार' आणि 'पावसाळ्यात बंदच पडतं'. दोन्ही चुकीची आहेत. पुण्यात 1 किलोवॅटमागे वर्षभराच्या सरासरीने दिवसाला साधारण 4 युनिट वीज मिळते. जुलै-ऑगस्टमध्ये कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. नेट मीटर म्हणजे महावितरणकडून घेतलेली आणि त्यांना दिलेली, अशी दोन्ही वीज मोजणारं मीटर. त्यामुळे शिल्लक युनिट पुढच्या बिलात वळते होतात. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो.

रविवारच्या सभेत लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांच्या मीटरची मागची 12 बिलं समोर ठेवू. क्षमता त्या युनिटांवरून ठरवायची, गच्चीच्या आकारावरून नव्हे. 1 किलोवॅटला सुमारे 100 चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. टाकीची सावली एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पडली, तरी त्या अख्ख्या ओळीचं उत्पादन घटू शकतं. सावली सर्वांत लांब पडते डिसेंबरमध्ये, म्हणून ठेकेदाराकडून तेव्हाचीच सावली धरून आराखडा मागा.

प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे.

महावितरणची वीज गेली की बिनबॅटरीचं सोलरही बंद होतं. लाइनवरच्या वायरमनला शॉक बसू नये यासाठीच ही सोय आहे, तो बिघाड नाही. त्यामुळे लिफ्टचा जनरेटर राहू द्यावाच लागेल.

पॅनेल सकाळी लवकर, काच गार असताना धुवायचे. बोअरचं पाणी टाळा. क्षारांचे डाग सहजी निघत नाहीत. कबुतरांची विष्ठा आठवड्याच्या आत काढा.

– व्यवस्थापन समिती