आधी नमुना, मग औषध

मणक्याच्या क्षयरोगावरील लेख (रविवार पुरवणी) वाचला. एमआरआयमध्ये क्षय दिसला की लगेच औषधे सुरू करावीत, हा त्यातील सल्ला पटला नाही. साध्या एक्स-रेत बदल दिसेपर्यंत हाड बरेच पोखरलेले असते, एमआरआय ते कितीतरी आधी दाखवतो, हे खरे. पण तो जंतू दाखवत नाही. इतर जिवाणूंचा संसर्ग किंवा कर्करोगाची गाठही कधी कधी त्यात क्षयासारखीच भासते. शिवाय हा जंतू रिफाम्पिसिनला, म्हणजे क्षयावरच्या एका मुख्य औषधाला, दाद देणारा आहे की नाही, हे चित्रावरून कळतच नाही.

सीटी स्कॅनच्या मदतीने मणक्यातला नमुना सुईने काढता येतो. जीनएक्स्पर्ट यंत्र त्यातील क्षयजंतू आणि रिफाम्पिसिनविरोध सुमारे २ तासांत सांगते. मणक्यात जंतू थोडे असल्याने ही चाचणी कधी चुकते, म्हणून कल्चरही (नमुन्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याची चाचणी) लावावे. त्याला ६ आठवडे लागू शकतात. पायांतली ताकद जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर अहवालासाठी अर्थातच थांबू नये. पण तेव्हाही नमुना घेतलेला असावा.

उपचार बहुधा ९ ते १८ महिने चालतात. माझ्या बहिणीला नमुना न तपासताच आठ महिने गोळ्या दिल्या गेल्या आणि दुखणे वाढतच गेले. अखेर तपासणी झाली, तेव्हा नेहमीच्या औषधांना न जुमानणारा क्षय निघाला. तोवर तिच्या पाठीला कुबड आले होते.

– एक वाचक