तंबू टाकायला गावातच जागा मिळावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टपावर तंबू आणि पातेल्यांची गोणी बांधलेल्या गाड्या हल्ली दिवाळीनंतर आपल्या घाटरस्त्यांवर बऱ्याच दिसतात. त्यांतली एक गाडी आमची असते. मी लांजा तालुक्यात काजूची बाग करते. भात घरात आलं की नवरा, दोन मुलं, सासूबाई आणि मी असे सगळे गाडीत बसून निघतो. ओणी, पाचल करत अणुस्कुरा घाट चढायचा, बाजारभोगावमार्गे गगनबावडा गाठायचा, करूळ घाटानं वैभववाडीला उतरायचं, फोंडा घाटानं पुन्हा वर दाजीपूर, राधानगरी, मग गारगोटी, आजरा, आंबोली आणि सावंतवाडीवरून वेंगुर्ल्याच्या समुद्रावर शेवटचा मुक्काम. सह्याद्री असा वरखाली ओलांडत गेलं की तो मुलांना नीट कळतो. अणुस्कुऱ्याच्या माथ्यावर उभं राहून मी त्यांना सांगते, इथलं पावसाचं पाणी आपल्या बाजूला वळलं तर अर्जुनेतून राजापूरच्या खाडीला जातं आणि पलीकडे वळलं तर पंचगंगा, कृष्णा करत थेट बंगालच्या उपसागराला. गगनबावड्याला सकाळी लवकर उठलं तर वर लख्ख ऊन असतं आणि खालचं अख्खं कोकण धुक्यात बुडालेलं असतं. हॉटेलच्या खोलीत झोपलेल्या माणसाला हे दिसत नाही.

पण संध्याकाळ झाली की तंबू टाकायचा कुठे, हा प्रश्न दरवर्षी तसाच उभा राहतो. अभयारण्यात परवानगीशिवाय राहता येत नाही, आणि तसंच असायला हवं. घाटातल्या वळणावरची मोकळी जागा धोक्याची. उरतो तो सडा, म्हणजे आमच्याकडचं कातळाचं उघडं पठार. लांबून आलेल्या माणसाला सडा म्हणजे मालक नसलेलं ओसाड मैदान वाटतं, म्हणून तो गाडी थेट कातळावर घालतो. ज्या कातळावर चाकं फिरतात, त्यावरच्या बोटभर मातीत श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवं, गेंद, तेरडा उगवतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या अशाच सड्यांवर कातळशिल्पं आहेत, ज्यांचं नाव 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेलं. गवताखाली आणखी काय खोदलेलं आहे हे अजून कुणी पूर्ण पाहिलेलं नाही. शिवाय सुट्या दगडांखाली फुरसं हा विषारी साप असतो, आणि लहान मुलांना घेऊन तिथे जमिनीवर झोपणं बरं नाही.

मला सगळ्यांत जास्त भीती वाटते ती शेकोटीची. नोव्हेंबर सरता सरता सड्यावरचं गवत वाळून कोळ होतं. रात्री घाटाकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो, आणि आंब्याकाजूच्या बागा असतात उतारावर, नेमक्या त्याच वाऱ्याच्या वाटेत. शेकोटीवर बाटलीभर पाणी ओतून माणसं झोपायला जातात, पण दगडांच्या फटीतला निखारा जिवंत राहतो. आमच्या शेजारची बाग अशाच एका मुक्कामानंतर वणव्यात गेली. काजूच्या वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 या जातींची कलमं होती. काजूचं कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ धरायला लागतं, तोवर त्याला पोरासारखं पाणी घालावं लागतं. आग लावणारे केव्हाच पुढच्या गावी गेले होते. आम्ही बागेभोवती जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढलेला पट्टा, काढतो, ओल्या पाल्याच्या फांद्यांनी आग झोडपतो, पण वारा उलटला की माणसाचं काही चालत नाही. म्हणून आम्ही प्रवासात छोटी गॅसची शेगडी नेतो. कुळथाची पिठी आणि भात तिच्यावर अर्ध्या तासात होतो.

वाट सापडली ती करूळ घाटाच्या पायथ्याला. अंधार पडत आलेला, सासूबाईंचे गुडघे धरलेले. एका घरापाशी पाणी मागायला थांबलो, तर तिथल्या आजी म्हणाल्या, "रात्रीच्या खंय जातास? खळ्यात घाला तुमचा तंबू." खळं म्हणजे घरापुढचं सारवलेलं अंगण, बाजूला विहीर, मागे संडास. माझ्यासाठी आणि सासूबाईंसाठी तो संडास सगळ्यांत मोठी सोय होती. बाईमाणूस दिवसभर पाणी कमी पिऊन प्रवास करतं ते का, हे पर्यटनाचे आराखडे करणाऱ्यांनी एकदा घरच्या बायकांना विचारावं. सकाळी आजींनी पैसे घेतले नाहीत. शेवटी आम्ही त्यांच्याकडून तांदूळ आणि कोकमं विकत घेतली.

माझी विनंती एवढीच आहे. घाटाच्या पायथ्याच्या आणि माथ्याच्या ग्रामपंचायतींनी तंबूसाठी गावातच जागा ठरवून द्यावी. सुट्टीत शाळेचं पटांगण, गावकऱ्यांची हरकत नसेल तर देवळासमोरची जागा, किंवा तयार असतील त्यांची खळी. पाण्याचा नळ, स्वच्छ संडास आणि एक दिवा पुरे. दर तंबूमागे रीतसर पावती फाडावी, गाडीचा नंबर लिहून घ्यावा, उघडी शेकोटी आणि स्पीकर यांना साफ मनाई असावी. दारूच्या बाटल्या फोडून जाणाऱ्यांमुळे गावं पाहुण्यांना धास्तावली आहेत, आणि ती धास्ती खोटी नाही. पण नोंद केलेला पाहुणा गावाच्या नजरेत राहतो, सड्यावर परस्पर राहिलेला राहत नाही. सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा झाला. राज्यानं 2021 मध्ये कॅराव्हॅन, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाड्यांच्या, पर्यटनाचं धोरण आणलं. कॅराव्हॅनला लागतं त्याच्या मानानं तंबूवाल्या कुटुंबाला फारच थोडं लागतं, आणि ते द्यायला मोठा निधीही नको.

येत्या 26 जानेवारीच्या ग्रामसभेत आमच्या गावात मी हा विषय मांडणार आहे. इतर गावांतल्या वाचकांनीही आपापल्या ग्रामसभेत तो मांडावा. आमचं खळं, विहीर आणि संडास त्यासाठी द्यायला घरातल्या सगळ्यांची तयारी आहे.

आपली नम्र,
एक काजू बागायतदार,
ता. लांजा, जि. रत्नागिरी