भिंग हातात देणाऱ्या बाईंना

प्रिय बाई,

इंग्रजीतून तुम्हाला कार्ड पाठवलं ते मिळालं असेल. त्यात चार ओळी मावल्या, त्याही छापील वळणाच्या. बोलायचं होतं ते राहूनच गेलं, म्हणून हे मराठीत. तुम्हाला वाचता येणार नाही, पण आमच्या माणसांना कळू दे की अमेरिकेतल्या एका आडगावच्या संग्रहालयात, तळघरातल्या खोलीत, अशीही एक बाई बसते.

इचलकरंजीला आमच्या घरात माग होते. कापड हातात आलं की आधी उलटं करून बघायचं, ही खोड तिथली. नॉर्थ कॅरोलायनात आल्यावर जुना हातमाग घेतला आणि इथल्या एका इतिहासप्रेमी गटानं विचारलं म्हणून एका कापडाच्या मागे लागले. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात दक्षिणेच्या, म्हणजे कॉन्फेडरेट पायदळातल्या शिपायांच्या अंगावर जे जाडंभरडं कापड होतं, ते. ताणा म्हणजे उभे धागे सुती, बाणा म्हणजे आडवे लोकरीचे, वीण तिरकी. शाळेतल्या पोरांना हात लावून बघता यावा असा दोन-तीन वार तुकडा विणायचा, एवढंच माझं काम.

ते सैन्य कशासाठी लढत होतं, याबद्दल माझ्या मनात गोंधळ नाही. माणसांना गुलाम म्हणून राखायचं होतं. तुम्हीही ते पहिल्या पाच मिनिटांत स्पष्ट बोललात, आणि वर म्हणालात, "या ताण्यातला कापूस कुणी वेचला, हे कुठल्याच पावतीवर लिहिलेलं नाही." मला तेव्हाच वाटलं, इथे आपलं जमणार.

तुमच्याआधी ज्यांची दारं वाजवली त्यांच्याबद्दल थोडं बोलू दे, नाहीतर घशात अडकून राहील. एका संग्राहकानं फोनवर नाव ऐकलं आणि विचारलं, "या युद्धाशी तुमचा काय संबंध?" एका मोठ्या संस्थेनं माझं पत्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरवलं आणि शेवटी कळवलं की छापलेले फोटो बघा, तेवढं पुरे. फोटो नेहमी समोरून काढलेला. गुंड्या दिसतात, वीण दिसत नाही. हुबेहूब नकला शिवून विकणारे एक गृहस्थ तर म्हणाले, कापडाचा तपशील हे आमच्या धंद्याचं गुपित आहे, जॅकेट हवं असेल तर किंमत सांगतो.

संबंध काय म्हणे! याच युद्धात दक्षिणेचा कापूस अडला तेव्हा इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांनी आमच्याकडचा कापूस उचलला. मुंबईत पैशांचा पूर आला, शेअरचा सट्टा पेटला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळं कोसळलं. हे त्या संग्राहकाला सांगायला हवं होतं, पण असलं उत्तर फोन ठेवल्यावरच सुचतं.

तुमच्याशी बोलण्याआधी माझ्याकडे होती ती निव्वळ पुस्तकी माहिती. १८६१ च्या जूनमधला हुकूम कागदावर फार देखणा आहे: करड्या रंगाचा लांब कोट, गुंड्यांच्या दोन रांगा, फिकट निळी पँट. प्रत्यक्षात शिपायाच्या वाट्याला आलं कमरेपर्यंतचं आखूड जॅकेट आणि गुंड्यांची एकच रांग. सुरुवातीला तर सरकार कपडे देतच नव्हतं. ज्याचे त्यानं आणायचे, आणि त्यापोटी वर्षाला ५० डॉलर. ते काही निभलं नाही. १८६२ च्या ऑक्टोबरात ही पद्धत मोडली आणि दक्षिणेची राजधानी रिचमंड, शिवाय अटलांटा, कोलंबस इथल्या सरकारी कोठारांवर भार आला. रिचमंडला कापड कोठारात बेतून, तुकड्यांची गाठोडी बांधून बायकांच्या हाती देत, त्या घरी नेऊन शिवत आणि मजुरीला परत येत. बऱ्याचजणींचे नवरे आघाडीवर होते, काहींचे परतणारच नव्हते. इचलकरंजीत वाढलेल्या बाईला हे घरबसल्या मजुरीचं गणित समजावून सांगावं लागत नाही.

पुढे १८६३ च्या मे महिन्यात रिचमंडची क्रेनशॉ लोकर गिरणी जळाली. मग विल्मिंग्टनच्या बंदरात उत्तरेची नाकेबंदी चुकवून येणाऱ्या बोटींतून इंग्लंडचं निळसर करडं कापड येऊ लागलं, आणि आयर्लंडमधल्या लिमरिकच्या पीटर टेटकडून तर शिवून तयार जॅकेटंच. नॉर्थ कॅरोलायनाचा कारभार निराळा, हे राज्य आपल्या पलटणींना आपणच कपडे पुरवत होतं. आणि फाटक्या बंडखोर शिपायाचं जे चित्र सगळ्यांच्या डोक्यात आहे, ते सरसकट खरं नाही. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यापर्यंतच्या सुमारे सात महिन्यांत दक्षिणेचे सेनापती ली यांच्या फौजेला एक लाखाहून जास्त जॅकेटं आणि दीड लाखाहून जास्त बूटजोड वाटल्याची नोंद आहे. १८६५ च्या एप्रिलमध्ये पीटर्सबर्गच्या खंदकांत पडलेल्यांचे फोटो नीट बघा. माणसं मेलेली आहेत, पण अंगावर धड कपडे आहेत. फाटकी लक्तरं ही पुढे हरण्याच्या कहाणीला शोभली, म्हणून टिकली असावीत.

हे सगळं वाचून माग काही चालत नाही. एका इंचात किती धागे, लोकरीचा पीळ उजवा की डावा, किनार कशी सोडलीय, हे कापडच सांगणार.

तुम्ही फोनवर संबंध विचारला नाहीत. विचारलंत, "तुम्हाला पुढची बाजू बघायचीय की आतली?" माझ्या तोंडून "आतली" निघालं आणि तुम्ही हसलात.

परवानग्या, अर्ज, हातमोजे यांचं पुराण इथे सांगत नाही. ट्रेमध्ये ते जॅकेट पालथं पडलं होतं. बाहेरून मातकट तपकिरी. खिशाच्या तोंडाशी तुम्ही पातळ पट्टीनं कापड जरासं उचललंत आणि दिव्याची मान वाकवलीत. आत तोच कपडा स्वच्छ करडा! उन्हाची आणि काळाची झळ तिथे मात्र पोचली नव्हती. कोपराशी बाण्याची लोकर झिजून गेली होती आणि खालचे सुती उभे धागे उघडे पडले होते. अस्तर कोऱ्या मांजरपाटाचं, हातशिलाईचं. टाके गळ्यापाशी बारीक, खाली कमरेकडे येता येता लांबलेले. घाई असणार, किंवा दिवा विझायला आला असेल.

अस्तर एका शिवणीवर उसवलेलं होतं, तिथे मी वाकले आणि थांबले. तुम्ही विचारलंत, "काय दिसतंय?" आणि मी सांगायच्या आत गळ्यातलं भिंग काढून माझ्या हातात ठेवलंत. खुर्चीही सरकवून दिलीत, म्हणजे प्रकाश माझ्या बाजूनं यावा. स्वतः मागे उभ्या राहिलात.

बाई, आभार आहेत ते त्या भिंगाचे.

ताण्याचा एक धागा तुटला होता आणि विणणाऱ्यानं माग थांबवून त्याला गाठ मारली होती. मागवाल्याचीच गाठ, ती मी लहानपणी घोटून घोटून शिकले. शेजारी बाण्याची एक ओळ दोनदा गेलेली, म्हणजे माग पुन्हा सुरू करताना पाय चुकला. मी सांगत गेले, तुम्ही ऐकत गेलात. मग तुम्ही म्हणालात, "एवढी वर्षं हे जॅकेट सांभाळतेय, ही गाठ मी पाहिली नव्हती." त्या वस्तूच्या फायलीत पेन्सिलनं नोंद केलीत आणि खाली माझं नाव लिहिलंत. स्पेलिंग मला विचारून. संग्रहालयाच्या कागदात पाहुण्याचं नाव घालायला कुणी तुम्हाला बांधलेलं नव्हतं.

चांगुलपणावर लोक मोठमोठी भाषणं करतात. मला दिसतो तो असा: ज्याच्या हातात किल्ली आहे, तो समोरच्याला आधी तू कोण हे विचारत नाही, तुला काय येतं हे विचारतो. आणि उत्तर आलं की मागे सरून त्याला जागा करून देतो. परक्या देशात राहणाऱ्याला याची किंमत जास्त कळते, कारण पहिला प्रश्न रोजच्या रोज कानावर पडत असतो. तुमच्यापेक्षा मोठ्या पदावरच्या, मोठ्या इमारतीतल्या माणसांना हे जमलं नाही. त्यांच्याकडे जॅकेटंही जास्त होती.

आता कामाचं, हे इंग्रजीतही वेगळं लिहून देतेय. सोबत दोन तुकडे पाठवतेय. ताणा सुती, बाण्याची लोकर लॉगवुड नावाच्या लाकडाच्या रंगात रंगवून हिराकस लावलेली. दुसऱ्या तुकड्याला अक्रोडाच्या सालीचा रंग आहे, तो तुलनेसाठी. पहिल्याच्या अर्ध्या भागावर काळा कागद शिवलाय, तो काढू नका. तुमच्या दक्षिणेकडच्या खिडकीत उन्हाळाभर ठेवा आणि उघडा अर्धा भाग त्या जॅकेटसारखा तपकिरीकडे वळतो का ते बघा. वळला तर रंग जमला. नाही वळला तर हिराकसाचं प्रमाण बदलून पुढचा तुकडा पाठवीन. आणि थँक्सगिव्हिंगला मुलीकडे जाणार नसाल तर आमच्याकडे या, तिखट बेतानं करीन.

तुमची,
मागवाल्यांची मुलगी