रामा शेट्टीला हेलिकॉप्टर लागलं नव्हतं

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीत वाचलं की ओटीटीवरचे ॲक्शन थ्रिलर आता जुन्या क्राइम पिक्चरांच्या तोडीस तोड झालेत. सकाळी चहा घेता घेताच भांडायला आलोय म्हणा.

मागच्या महिन्यात पोराने बळेच बसवून 'एक्स्ट्रॅक्शन' (२०२०) दाखवला. मला वाटलं ढाका दिसेल, तर ते ढाका म्हणजे बरंचसं आपलं अमदाबादच, शूटिंग तिथेच झालेलं, त्यामुळे पळापळी चालू असताना मी गल्ल्याच ओळखत बसलो आणि पोरगा वैतागला. बारा मिनिटांचा तो एकाच दमात घेतल्यासारखा चेस भारी आहे, खोटं कशाला बोलू. डायरेक्टर मुळातला स्टंटवाला, ते दिसतंच. पण दुसऱ्या दिवशी त्यातलं एक वाक्य आठवेल तर शपथ.

आता 'अर्धसत्य' घ्या. १९८३, गोविंद निहलानींचा पिक्चर, पानवलकरांची कथा आणि पटकथा तेंडुलकरांची. फौजदार वेलणकर (ओम पुरी) गुंड रामा शेट्टीला पकडायला जातो, तर शेट्टी जागचा हलत नाही, साहेबांना एक फोन लावतो आणि वेलणकरला तिथल्या तिथे ऑर्डर मिळते की निघ. बस, एवढंच. एक गोळी नाही. ओम पुरीचा चेहरा बघताना आपलीच नाचक्की झाल्यासारखं वाटतं, आणि शेवटी तो शेट्टीचा गळा धरतो ना, ते त्या फोनपासूनच शिजत आलेलं असतं. शेट्टी झालेल्या सदाशिव अमरापूरकरांनी आवाज न चढवता जी दहशत घातली ती ओटीटीच्या २० कोटी डॉलरवाल्या 'द ग्रे मॅन'ला सगळं फोडून-उडवून जमली नाही. ('अर्धसत्य'मधली कविता दिलीप चित्र्यांची, आणि चित्रे जन्माने बडोद्याचे, १९३८ चे. हे मी आमच्या दांडिया बाजारात सगळ्यांना इतक्यांदा सांगितलंय की आता लोक रस्ता बदलतात.)

मला वाटतं लोचा पैशाचा नाहीये, मोबाइलचा आहे. आमच्याच घरी बघा, पिक्चर चालू, हातात फोन, मध्येच कुणी शेव-उसळ गरम करायला उठतंय. बनवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक, म्हणून दर पाच मिनिटांनी काहीतरी फुटलंच पाहिजे. थिएटरात तिकीट काढून अंधारात बसलेल्या माणसापुढे शेट्टीला नुसतं गप्प बसता येत होतं.

तरी ओटीटीवाल्यांना अगदीच निकालात काढत नाही हां. 'पाताल लोक'मधला पोलीसवाला हाथीराम हा वेलणकरचाच लांबचा भाऊबंद, घरी पोराशी पटत नाही, ऑफिसात किंमत नाही. पण ती सीरिज, तिचा पहिला सीझनच नऊ भागांचा. तेच दोन तासांत बसवून दाखवा ना, मग मी पोरासमोर हार मानतो.

आपला,
एक जुना वाचक
दांडिया बाजार, वडोदरा